आवाजांच्या आधी : तरुण वयातला सायकोसिस आणि बदललेलं दिसणं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत होते. प्रयोग करून दाखवल्याशिवाय ते धडा पुढे नेत नसत, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. म्हणून आज मीही एक मुखवटा बरोबर आणला आहे. थोड्या वेळाने तो तुम्हाला दाखवते.

सायकोसिस म्हणजे काय, हे इथे बसलेल्या अनेकांना पुस्तकाशिवाय माहीत आहे. कोणाच्या घरात आहे, कोणाच्या शेजारी. नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेला संशय मनात घर करतो, बोलण्याचा मेळ बसेनासा होतो. स्किझोफ्रेनिया हा त्यातला सगळ्यात परिचित आजार. तो बहुधा अठरा ते पंचविशीच्या आसपास सुरू होतो. मुलांमध्ये थोडा लवकर, मुलींमध्ये थोडा उशिरा. बारावी, डिप्लोमा, पहिली नोकरी, लग्नाची बोलणी, या सगळ्याच्या ऐन मध्यावर तो येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या गटातले आजार आयुष्यात कधी ना कधी होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून थोडं अधिक निघालं. त्यातल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

असा मुलगा किंवा मुलगी आमच्यासमोर आली की आम्ही ठरलेले प्रश्न विचारतो. आवाज ऐकू येतात का? कोणी मागावर आहे असं वाटतं का? आपले विचार दुसऱ्याला कळतात असं वाटतं का? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. डोळ्यांबद्दल मात्र विचारलं तर एवढंच, की कोणी दिसतं का? समोर नसलेलं काही दिसतं का, याची चौकशी होते. समोर जे आहे ते कसं दिसतं, याची होत नाही. हा दुसरा प्रश्न आपण विचारायला लागलं पाहिजे, आणि तरुण मुलांना तर फार आधी विचारला पाहिजे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

एका मुलाबद्दल सांगते. त्याच्या आणि त्याच्या आईच्या परवानगीने सांगते; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हा मुलगा आयटीआयला फिटर ट्रेडमध्ये होता, वय अठरा. हात चांगला होता, कानस मारायला लागला की सर बाकीच्यांना बोलावून दाखवत. दुसऱ्या वर्षी त्याचं ड्रॉइंग बिघडायला लागलं. कागदावर आयसोमेट्रिक व्ह्यू असायचा आणि तो नुसता बघत बसायचा. सरांनी विचारलं तर म्हणाला, "सर, रेषा दिसतात, जॉब दिसत नाही." जॉब म्हणजे घडवायची वस्तू. सरांना ही टाळाटाळ वाटली. घरी आईला वाटलं मोबाइल जास्त झाला. तिने त्याला चष्म्याच्या दुकानात नेलं. अगदी किरकोळ नंबर निघाला, चष्मा झाला, तक्रार होती तशीच राहिली. मग कोणी सुचवलं म्हणून दृष्ट काढून झाली. हळूहळू त्याने वर्कशॉपला जाणं सोडलं. ट्यूबलाइट लावली की तो खोलीतून उठून जायचा. आईला सगळ्यात लागलं ते वेगळंच होतं. "तो माझ्या तोंडाकडे बघेनासा झाला हो मॅडम," ती मला म्हणाली.

त्याने पुढे, बरा होत असताना, याचं कारण सांगितलं. आईच्या चेहऱ्यातलं त्याला एका वेळी एकच काहीतरी दिसायचं. नाकातली चमकी, मग ओठ, मग कपाळावरची टिकली. ते सगळं जुळवून आई तयार करेपर्यंत ती काय बोलली हे निसटून जायचं. म्हणून तो खाली बघायचा. खाली बघितलं की निदान ऐकू तरी नीट यायचं. आवाजांचा त्रास सुरू झाला तो याच्या पुढच्या वर्षी, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याला आणलं ते आवाज सुरू झाल्यावर. त्याआधी त्याने जे जे सांगितलं होतं ते सगळं खरं होतं, पण ते कोणाच्याच कोष्टकात बसत नव्हतं.

बदललेल्या दिसण्याबद्दलचं हे बोलणं नवं नाही. स्कॉटलंडमध्ये डंडी शहराजवळच्या मनोरुग्णालयात अँड्र्यू मॅकगी आणि जेम्स चॅपमन यांनी साठ वर्षांपूर्वी एक साधं काम केलं. आजार नुकता सुरू झालेल्या रुग्णांसमोर बसून, तुम्हाला आजूबाजूचं काय जाणवतं, हे त्यांनी सविस्तर विचारलं आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून घेतली. १९६१ साली तो निबंध छापून आला. त्यातल्या रुग्णांच्या तक्रारी वाचताना माझ्या बाह्यरुग्ण विभागातली मुलं समोर येतात. रंग भडक होतात, वस्तू सपाट वाटतात, माणूस चालत आला तर त्याच्या हालचालीचे तुकडे दिसतात, एखादी क्षुल्लक गोष्ट नजर सोडतच नाही. जर्मनीत बॉन इथे गेर्ड हूबर यांनी अशाच सूक्ष्म तक्रारींची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि त्यांना आजाराची मूळ लक्षणं मानलं. भास आणि संशय ही त्यांच्या मते नंतरची इमारत. क्लाउस कॉनराड या त्यांच्याच देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात आलेल्या तरुण सैनिकांचा आजार कसा सुरू होतो हे टिपलं आणि १९५८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पहिल्या टप्प्याला त्यांनी नाव दिलं ते रंगभूमीवरून उचललेलं. प्रवेश करण्यापूर्वी विंगेत उभ्या असलेल्या नटाला जी धास्ती वाटते तिचं नाव. काहीतरी घडणार आहे, सगळं आपल्यासाठी मांडून ठेवलं आहे, पण काय ते कळत नाही. कॉनराड यांच्या मांडणीत संशय नंतर येतो, आणि आला की या धास्तीला एक उत्तर मिळतं. उत्तर चुकीचं असतं, पण प्रश्न मुलाच्या अनुभवातून आलेला असतो.

आता मुखवटा. जत्रेत मिळतो तसाच साधा प्लास्टिकचा आहे. मी त्याची मागची, पोकळ बाजू तुमच्याकडे करते. मागच्या रांगेतल्या मंडळींना जास्त चांगलं दिसेल. पुढे बसलेल्यांनी एक डोळा मिटावा. नाक आत गेलेलं आहे, हे मी तुम्हाला सांगितलं आहे. तरी ते बाहेर आल्यासारखं दिसतंय ना? आता मी तो सावकाश फिरवते. चेहरा तुमच्या मागे वळतोय असं वाटतं. ज्यांच्या घरी ज्येष्ठा गौरींचे पोकळ पितळी मुखवटे आहेत त्यांनी यंदा गौरी बसवण्याआधी मागच्या बाजूने पाच-सहा फुटांवरून बघावं. रिचर्ड ग्रेगरी या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी हा दृष्टिभ्रम जगभर प्रसिद्ध केला.

आपल्याला माहीत असूनही आपण फसतो, याचं कारण दिसणं ही नुसती डोळ्यांची कामगिरी नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच म्हटलं होतं की मेंदू आपल्या नकळत अनुमान करत असतो. डोळ्यांतून आलेली खबर अर्धवट असते, आणि मेंदू पूर्वानुभवाच्या जोरावर तिचा अर्थ लावतो. जन्मापासून पाहिलेला प्रत्येक चेहरा बाहेर उंचावलेला होता. त्यामुळे मुखवट्यावरची सावली काहीही सांगत असली तरी मेंदू चेहऱ्याच्या बाजूने निकाल देतो.

स्किझोफ्रेनिया असलेल्या पुष्कळ जणांना हा मुखवटा पोकळच दिसतो. जर्मनीत हॅनोव्हर इथे हिंडर्क एमरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. २००९ साली दनाई दिमा आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं चित्रण करत हाच प्रयोग केला. १३ रुग्ण आणि १६ निरोगी माणसं. निरोगी माणसं जवळजवळ दर वेळी फसली, रुग्ण क्वचितच. निरोगी माणसांच्या मेंदूत पोकळ चेहरा समोर आला की वरच्या भागांकडून दृष्टीच्या भागांकडे येणारा जोर वाढत होता. रुग्णांमध्ये तो तसा वाढत नव्हता. पुढच्या अभ्यासांत हा फरक इतका ठसठशीत राहिला नाही. आजार जोरात असताना भ्रम कमी होतो आणि आजार ओसरला की तो परत येतो, असं दिसलं. दारू अचानक सोडलेल्यांमध्ये आणि रात्रभर जागलेल्या निरोगी माणसांमध्येही तो कमी झालेला आढळला आहे. तेव्हा इथे बसलेल्या कोणाला मुखवटा पोकळ दिसला असेल तर काळजीचं काहीही कारण नाही. ही आजार ओळखायची चाचणी नाही, आणि कोणी ती मोबाइलवर चाचणी म्हणून पाठवली तर पुढे पाठवू नका.

दुसरा प्रयोग मला याहून बोलका वाटतो, कारण त्यात चेहऱ्याचा संबंधच नाही. फिकट-गडद ठिपक्यांचा एक गोल तुकडा आहे. तोच तुकडा अतिशय गडद-उठावदार ठिपक्यांच्या मधोमध ठेवला की आपल्याला तो होता त्यापेक्षा फिका वाटतो. आजूबाजूचा भडकपणा मधल्याला दाबून टाकतो. लंडनमध्ये स्टीव्हन डेकिन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्या १५ जणांना हे दाखवलं. त्यातले १२ जण निरोगी गटातल्या सर्वांत अचूक माणसापेक्षाही अचूक निघाले. आजारी माणसं बहुतेक चाचण्यांत मागे पडतात, कंटाळा, औषधांची गुंगी, लक्ष न लागणं अशी त्याची दहा कारणं सांगता येतात. इथे ती पुढे गेली. कंटाळलेला माणूस जास्त अचूक होत नाही. म्हणून या निष्कर्षाला वजन आहे.

यावरून कोणी असं म्हणू लागतं की वेड लागलेल्यालाच सत्य दिसतं. असे लेख मी वाचले आहेत आणि ते वाचून मला राग येतो. आजूबाजूच्या संदर्भाने मधल्या गोष्टीला दाबणं ही दृष्टीची चूक नाही, तिची काटकसर आहे. बाजारातून चालताना दर पाटीकडे, दर चमकणाऱ्या भांड्याकडे, दर हलणाऱ्या पदराकडे सारखंच लक्ष गेलं तर माणूस शंभर पावलं चालू शकणार नाही. आपण जे बघत नाही त्यामुळे आपलं चालतं. त्या फिटर ट्रेडच्या मुलाला आईची चमकी फार नीट दिसत होती, आणि ते नीट दिसणंच त्याला आईपासून तोडत होतं.

आता इथे गोष्ट गुंतागुंतीची होते, आणि ती गुंतागुंत मला तुमच्यापासून लपवायची नाही. मुखवट्याच्या प्रयोगावरून वाटतं की आजारात पूर्वानुभवाचा जोर कमी पडतो. पण २०१५ साली केंब्रिजमधून बरोबर उलटा निष्कर्ष आला. क्रिस्टॉफ टॉयफेल आणि सहकाऱ्यांनी काळ्या-पांढऱ्या डागांची चित्रं घेतली. ही चित्रं एखाद्या छायाचित्रातले सगळे मधले करडे रंग काढून टाकून बनवतात. पहिल्यांदा बघताना त्यात काहीच लागत नाही. मग मूळ रंगीत छायाचित्र दाखवायचं आणि पुन्हा डाग दाखवायचे. आता त्यातला माणूस झटकन ओळखू येतो. सायकोसिसची सुरुवातीची चिन्हं असलेल्या १८ तरुणांनी हे केलं तेव्हा मूळ चित्र पाहिल्याचा फायदा त्यांना निरोगी गटापेक्षा जास्त झाला. म्हणजे आधीच्या ज्ञानाचा जोर त्यांच्यात अधिक होता.

मग खरं कोणतं? दृष्टीत अनेक पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर, जिथे उजेड-अंधार, कडा, ठिपके हिशेबात घेतले जातात, तिथे संदर्भाची पकड सैल होत असावी; आणि तिथून येणारी खबर बेभरवशाची झाली की वरच्या पायऱ्या आपल्या समजुतीने ती अधिक जोरात भरून काढत असाव्यात. शिवाय डेकिन यांचे रुग्ण वर्षानुवर्षांचे होते, टॉयफेल यांचे तरुण उंबरठ्यावरचे. आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पारडं वेगवेगळ्या बाजूला झुकत असेल. मला स्वतःला ही दुसरी शक्यता जास्त पटते, कारण मुलं जे सांगतात त्याच्याशी ती जुळते. सुरुवातीला सगळं सुटं सुटं, अनोळखी. नंतर कधीतरी सगळं एकाच अर्थाने भारलेलं. समोरच्या बसस्टॉपवर उभा असलेला माणूस आधी नुसता खटकतो, मग तो आपल्यासाठीच उभा असतो.

सुट्या गोष्टींबद्दल अमेरिकेतल्या स्टीव्हन सिल्व्हरस्टीन यांनी दीर्घकाळ काम केलं आहे. पडद्यावर लहान लहान तिरक्या रेघा विखुरलेल्या असतात. त्यातल्या काही रेघा एकामागोमाग अशा लागलेल्या असतात की त्यांचा एक बंद आकार तयार होतो. तो आकार शोधायचा. रेघा जरा इकडेतिकडे वळवल्या की आपल्यालाही आकार दिसेनासा होतो, पण स्किझोफ्रेनिया असलेल्यांना तो आपल्या कितीतरी आधी दिसेनासा होतो. ज्यांचं बोलणंही विस्कळीत झालेलं असतं त्यांच्यात हे जास्त आढळतं. आयटीआयच्या त्या मुलाची अशी चाचणी झालेली नव्हती. पण रेषा दिसतात, जॉब दिसत नाही, हे त्याचं वाक्य मला या प्रयोगाचं सगळ्यात चोख वर्णन वाटतं.

बाकीचे निष्कर्ष थोडक्यात सांगते. डोळ्यापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या वाटा एकच नसतात. एक वाट जलद आणि ढोबळ असते. तिला फिकट फरक आणि हालचाल चटकन कळते. दुसरी सावकाश असते, तिला बारकावे आणि रंग कळतात. पामेला बटलर आणि डॅनियल जॅव्हिट यांच्या न्यूयॉर्कमधल्या कामात पहिल्या वाटेचा प्रतिसाद रुग्णांमध्ये क्षीण आढळला. ही वाट आधी जाऊन चित्राची चौकट उभी करते असं मानलं जातं. ती कच्ची पडली तर बारकावे येतात पण ते ठेवायला जागा नसते. एखादं अक्षर क्षणभर दाखवून लगेच त्याच्यावर दुसरी आकृती आणली तर रुग्णांना ते अक्षर ओळखायला मधे जास्त अवकाश लागतो. आणि डोळ्यांची हालचाल तर फार जुनी नोंद आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञांनी १९०८ साली स्किझोफ्रेनिया हे नाव पहिल्यांदा जाहीरपणे वापरलं. त्याच वर्षी अमेरिकेत डीफेनडॉर्फ आणि डॉज यांनी झुलणाऱ्या लंबकाचा मागोवा घेताना या रुग्णांचे डोळे अडखळतात, याचे छायाचित्रित पुरावे प्रसिद्ध केले. पुढे पासष्ट वर्षं तिकडे फारसं कोणी बघितलं नाही. १९७३-७४ मध्ये फिलिप होल्झमन यांनी तोच लंबक पुन्हा वापरला आणि रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांपैकी पुष्कळांचेही डोळे तसेच अडखळतात हे दाखवलं.

नातेवाइकांची ही नोंद महत्त्वाची आहे, कारण एक शंका सतत घेतली जाते आणि ती घेतलीच पाहिजे. हा सगळा औषधांचा परिणाम नसेल कशावरून? डोळ्याच्या पडद्यातही डोपामिन हे मेंदूत असणारं रसायन असतं, आणि आपली औषधं डोपामिनवर काम करतात. तंबाखू, औषधांमुळे वाढणारं वजन, मधुमेह, यांचाही डोळ्यांवर परिणाम होतो. त्यामुळे दीर्घकाळच्या रुग्णांवरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष जपून वापरावा लागतो. पण निरोगी नातेवाईक ही औषधं घेत नसतात, आणि काही पुरावे तर औषधांच्या कितीतरी आधीचे आहेत. स्वीडनमध्ये, ज्यांच्या आयांना सायकोसिस झाला होता अशा मुलांच्या डोळ्यांची तपासणी त्यांच्या चौथ्या वर्षी झाली होती. मोठेपणी ज्यांना या गटातला आजार झाला त्यांच्यात तेव्हाच दृष्टीचे दोष जास्त होते, असं २००५ साली प्रसिद्ध झालं. त्याच देशात सक्तीच्या लष्करी भरतीसाठी तपासलेल्या दहा लाखांहून अधिक तरुणांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा, चष्मा लावूनही ज्यांची नजर कमी होती त्यांना पुढे सायकोसिस होण्याची शक्यता थोडी अधिक निघाली. थोडी अधिक, हे शब्द मी मुद्दाम वापरते. चष्मा असणाऱ्या कोणत्याही मुलाच्या आईने याचा धसका घेऊ नये.

याच संदर्भात एक विधान फार फिरतं, की जन्मांधाला स्किझोफ्रेनिया होत नाही. त्यामागे मोठा अभ्यास आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९८० ते २००१ या काळात जन्मलेल्या ४,६७,९४५ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. १,८७० जणांना स्किझोफ्रेनिया झाला. मेंदूतल्या दोषामुळे अंध असलेल्या ६६ मुलांपैकी एकालाही झाला नाही. ऐकायला हे थरारक वाटतं. पण आपण साधा हिशेब करू. १,८७० म्हणजे एकूण मुलांच्या ०.४ टक्के. ६६ चे ०.४ टक्के काढले तर पाव माणूस येतो. म्हणजे अंधत्वाने काहीच संरक्षण दिलं नसतं तरी या ६६ जणांत एकही रुग्ण नसणं हीच जास्त संभाव्य गोष्ट होती. शिवाय ज्यांच्या डोळ्यांत दोष होता अशा अंध मुलांमध्ये सायकोसिस झालेला आढळला. कल्पना रंजक आहे आणि तिचा पाठपुरावा व्हावा. पण ती सिद्ध झाली आहे असं सांगणाऱ्याला हा हिशेब करायला लावा.

दुसरी एक फिरणारी गोष्ट मांजरांची. लुई वेन हे इंग्लंडमधले चित्रकार मांजरांच्या चित्रांसाठी घराघरांत माहीत होते. १९२४ साली त्यांना मनोरुग्णालयात दाखल केलं आणि १९३९ मध्ये मृत्यूपर्यंत ते वेगवेगळ्या मनोरुग्णालयांतच राहिले. त्यांची आठ मांजरं ओळीने छापलेली मानसशास्त्राच्या पुस्तकांत बघायला मिळतात. पहिलं गोंडस, शेवटचं नुसतं रंगीत नक्षीकाम. आजार वाढला तसतसं मांजर विरघळत गेलं असा मजकूर खाली. वस्तुस्थिती अशी की ही चित्रं वॉल्टर मॅक्ले या मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या सामानाच्या दुकानातून घेतली, त्यांवर तारखा नव्हत्या, आणि तो क्रम मॅक्ले यांनी स्वतःच्या समजुतीप्रमाणे लावला. वेन रुग्णालयात असतानाही साधी, गोंडस मांजरं काढत होते. चित्रावरून निदान करण्याची हौस आपल्याकडेही आहे, शाळेच्या प्रदर्शनांत आणि कधी दवाखान्यातही. ती सोडून द्यावी. मुलाला काय दिसतं हे कळण्याचा त्याला विचारण्याइतका सरळ मार्ग दुसरा नाही.

आणि विचारावं कसं, हे मी जरा सविस्तर सांगते, कारण इथे शिक्षक बसले आहेत आणि स्वमदत गटातले शुभंकर, म्हणजे रुग्णांची काळजी घेणारे आप्तही. "भास होतात का?" असं विचारलं की मुलगा दचकतो आणि नाही म्हणतो. त्याच्या दृष्टीने ते खरंही असतं. त्याऐवजी, हल्ली उजेडाचा त्रास होतो का, वाचताना ओळ निसटते का, गर्दीत सगळंच एकदम अंगावर येतं का, ओळखीचे चेहरे अनोळखी वाटतात का, आरशात बघायला नको वाटतं का, असं विचारावं. आरशाबद्दल जरूर विचारा. पुन्हा पुन्हा आरशासमोर उभं राहून चेहरा तपासणं ही खूण फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी टिपून ठेवली आहे, आणि घरचे मात्र ती नटणं-मुरडणं म्हणून सोडून देतात. मुलाने होय म्हटलं तर लगेच निष्कर्ष काढू नका. अर्धशिशी, जागरण, अतिताण, अपस्मार, गांजा, या सगळ्यांत दिसणं बदलतं. अशा तक्रारी करणाऱ्या बहुतेक मुलांना सायकोसिस होत नाही. पण त्याबरोबर मूल मित्रांपासून तुटत असेल, झोप उलटसुलट झाली असेल, मार्क घसरले असतील, विनाकारण संशय डोकावत असेल, तर ते सगळं एकत्र बघणाऱ्या माणसाकडे न्या. ताप असताना, डोक्याला मार लागल्यावर किंवा शुद्ध हरपत असताना एकाएकी काही दिसू लागलं तर ते मेंदूच्या वेगळ्या आजाराचं लक्षण असू शकतं. तेव्हा थेट रुग्णालय गाठा.

निदान झालेल्या मुलांच्या डोळ्यांची तपासणी दरवर्षी व्हावी असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. रक्तदाब, वजन, साखर यांची आठवण आता आम्हाला राहते, डोळ्यांची राहत नाही. साधा नंबर न काढल्यामुळे वाचन सुटलेले शुभार्थी, म्हणजे आजार असलेले, मी पाहिले आहेत, आणि त्यांचं वाचन सुटणं आजाराच्या खात्यावर मांडलं गेलं होतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या छायाचित्रांवरून या आजाराबद्दल काही कळतं का, याचा शोध चालू आहे. उद्या त्यातून काही हाती येईल. आजच्या घडीला डोळा बघून स्किझोफ्रेनिया सांगता येत नाही, आणि तसा दावा करणारं यंत्र कोणी विकायला आणलं तर पैसे देऊ नका.

घरात काय करता येतं? त्या आईने जे केलं ते मी फक्त सांगते, प्रयोगाने सिद्ध झालेलं म्हणून नाही. ती बोलताना त्याच्यासमोर येऊन, उजेडाकडे तोंड करून बसायची आणि आधी हाक मारून थोडं थांबायची. लुकलुकणारी ट्यूबलाइट बदलून घेतली. फुलाफुलांची चादर काढून साधी घातली. जेवताना बघ, बोल, हस, असा आग्रह सोडला. आयटीआयचे सर, त्यांना मी सगळं समजावून सांगितल्यावर, त्याला ड्रॉइंगबरोबर तयार जॉब हातात द्यायला लागले. बोटांनी चाचपून त्याला जे कळायचं त्यावरून तो कागदावरच्या रेषा लावून घ्यायचा. औषधं चालू होतीच. ती नसती तर या कशाचाच उपयोग झाला नसता, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या चित्रपटातून स्किझोफ्रेनिया आपल्या घराघरांत बोलला जाऊ लागला, औषधाचं महत्त्वही कित्येक घरांना त्यानंतर पटलं. डोळ्यांबद्दलचं बोलणं त्यात भर घालायला आता हरकत नाही.

शेवटी एक विनंती आहे, ती चष्म्याची दुकानं चालवणाऱ्यांना आणि नेत्रतपासणी करणाऱ्यांना. इथे तुमच्यापैकी काही जण आले आहेत म्हणून करते. सोळा ते पंचवीस वयाचं पोर तुमच्याकडे दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा येतं, नंबर बरोबर असतो, आणि तरी ते म्हणतं की नीट दिसत नाही, तेव्हा काच बदलून देऊन त्याला परत पाठवू नका. पाच मिनिटं त्याला बाजूला घ्या, पालकांना बाहेर बसवा, आणि नीट म्हणजे कसं दिसत नाही, हे त्याच्याच शब्दांत सांगू द्या. ते तुमच्या कार्डाच्या मागे लिहा. आधी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा. डोळा निर्दोष निघाला तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा पत्ता द्या आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच कार्डावर लिहून द्या. तो विनाशुल्क आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.